राहिलेल्या भावाचं काय झालं? गोव्यातल्या धर्मांतरावरचं संशोधन वाचताना

मागच्या लेखात लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे पुस्तकांची यादी नव्हे, हे सांगायचा प्रयत्न केला होता. त्यावर बऱ्याच जणांचं एकच म्हणणं आलं की हे तत्त्वात कळतं, पण एखादं उदाहरण घेऊन दाखवा. म्हणून आज माझ्याच विषयातली तीन कामं घेते आणि ती वाचताना मला काय पटलं, काय खटकलं ते सांगते. विषय आहे गोव्यातलं सोळाव्या-सतराव्या शतकातलं धर्मांतर आणि त्यात घराण्यांचं काय झालं. तुमचा विषय रसायनशास्त्र असो की समाजशास्त्र, वाचायची पद्धत फार वेगळी नसते. मीसुद्धा एम.एस्सी. करून इकडे वळले आहे.

प्रश्न कुठून आला

मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी पट्ट्यातल्या अनेक घरांत एक गोष्ट सांगतात. आमच्याही घरात सांगतात. आजी म्हणायची, "आमचो देव सासष्टीतसून इलो." पोर्तुगीजांनी देवळं पाडली, बाटवाबाटवी सुरू झाली, तेव्हा पूर्वजांनी रातोरात देव उचलला, खाडी ओलांडली आणि इकडे येऊन वस्ती केली. तपशील घरोघर बदलतात, सांगाडा तोच. पुष्कळ कुळांच्या छापील कुलवृत्तांतांतही पहिल्या पाच-सहा पानांत हीच गोष्ट भेटते.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी हेच वाक्य जरा नीटनेटकं करून टाकलं होतं: धार्मिक छळामुळे अनेक हिंदू कुटुंबांनी दक्षिण कोकणात स्थलांतर केलं. समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "कुटुंबांनी म्हणजे कोणी? सगळे भाऊ आले? राहिलेल्या भावाचं काय झालं?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा जरा राग आला होता. आता वाटतं, पीएच.डी.ची सुरुवात तिथून झाली. कारण हा प्रश्न हातात घेऊन मी आधीची कामं पुन्हा वाचली, तेव्हा ती वेगळी दिसायला लागली.

थोडी पार्श्वभूमी

ज्यांना माहीत आहे त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकर्कनं गोवा बेट म्हणजे तिसवाडी घेतली. बारदेश आणि सासष्टी १५४३ मध्ये कायमच्या पोर्तुगीजांकडे आल्या. या तीन तालुक्यांना पुढे 'जुन्या काबिजादी' म्हणू लागले. सुरुवातीची काही दशकं राज्यकर्त्यांचं धर्माकडे फार लक्ष नव्हतं. १५४० मध्ये तिसवाडीतली देवळं पाडली गेली, पुढच्या वर्षी देवळांच्या जमिनींचं उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळवलं गेलं. १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं. १५६७ मध्ये सासष्टीतली देवळं पाडली. इन्क्विझिशन १७७४ मध्ये बंद झालं, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि १८१२ मध्ये कायमचं संपलं.

खाडीपलीकडे मात्र राज्य वेगळं होतं. फोंडा म्हणजे अंत्रुज महाल पोर्तुगीजांकडे आला तो १७६३ मध्ये. पेडणे, डिचोली, सत्तरी हे भाग १७८० च्या दशकापर्यंत सावंतवाडीकरांकडे होते. म्हणजे दोन शतकांहून जास्त काळ एका होडीच्या अंतरावर कायदा बदलत होता. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला गेली ती याच सीमेमुळे.

आणखी एक शब्द हवा, तो म्हणजे गावकरी. सिंधुदुर्गातल्या वाचकाला गावऱ्हाटी, बारा-पाचाचे मानकरी, रवळनाथासमोरचं गाऱ्हाणं हे सांगावं लागत नाही. गाव म्हणजे ठरावीक मूळ घराण्यांचा समूह, आणि देवळातला मान म्हणजे गावातली सत्ता. गोव्यात या घराण्यांच्या गटांना वांगड म्हणतात. तिथे गावकऱ्यांचा मान होताच, शिवाय गावाच्या जमिनीच्या उत्पन्नात बापाकडून मुलाकडे जाणारा हक्क होता. पोर्तुगीजांनी ही व्यवस्था मोडली नाही. आफोन्सो मेशिया या अधिकाऱ्यानं १५२६ मध्ये तिचे रिवाज लिहून काढले आणि सरकारमान्य केले. त्या दस्ताला 'फोरल' म्हणतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिलं काम: प्रियोळकर, १९६१

अनंत काकबा प्रियोळकर हे मराठी वाचकाला पाठसंशोधक आणि मुद्रणाच्या इतिहासाचे अभ्यासक म्हणून माहीत असतात. त्यांचं 'द गोवा इन्क्विझिशन' हे इंग्रजी पुस्तक १९६१ मध्ये निघालं. इन्क्विझिशनला चारशे वर्षं झाल्याचं निमित्त होतं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला.

या पुस्तकाचं मोठं काम म्हणजे त्यांनी कायदे आणि हुकूम वाचकासमोर ठेवले. तोपर्यंत पोर्तुगीज न येणाऱ्या माणसाला ते वाचायची सोय फारशी नव्हती. दुसऱ्या भागात दोन प्रत्यक्षदर्शींचे वृत्तांत आहेत. एक देलों या फ्रेंच वैद्याचा, ज्यानं स्वतः इन्क्विझिशनची कोठडी भोगली. दुसरा १८०८ मध्ये गोव्याला गेलेल्या क्लॉडियस ब्यूकॅनन या स्कॉटिश पाद्र्याचा.

या कायद्यांतला १५५९ चा अनाथ मुलांबाबतचा हुकूम बघा. आईवडील, आजीआजोबा यांपैकी कोणी नसलेलं हिंदू मूल ख्रिस्ती संस्थेच्या ताब्यात द्यायचं आणि तिथे त्याचा बाप्तिस्मा करायचा. पुढे व्यवहारात बाप गेलेलं, पण आई जिवंत असलेलं मूलही अनाथ धरलं जाऊ लागलं.

हा हुकूम मी तीन वेळा वाचला, तेव्हा एक गोष्ट डोक्यात शिरली. यात काका कुठेच नाही. आपल्याकडच्या एकत्र घरात बाप गेला तर मूल अनाथ होत नाही. काका असतो, मोठा चुलत भाऊ असतो, आत्या असते. लिस्बनहून आलेल्या कायद्याला कुटुंब म्हणजे फक्त सरळ वर जाणारी रेघ दिसत होती. आडवी पसरलेली नाती त्याच्या लेखी नव्हती. म्हणजे मूल ताब्यात घेण्याआधी त्याचं कुटुंब कागदावर कापून लहान केलेलं होतं. अशी मुलं लपवण्याचे आणि खाडीपलीकडे पाठवण्याचे प्रकार झाले. ते का झाले, हे यातून कळतं.

दुसरी तरतूदही त्याच काळातली. पुत्र नसलेला हिंदू वारला तर त्याच्या बायकोमुलींना वारसा मिळण्याची वाट खुली झाली, पण त्यांनी बाप्तिस्मा घेतला तर. रिवाजात विधवेला आणि मुलीला जे मिळत नव्हतं ते कायदा देऊ करत होता, धर्माच्या बदल्यात. याला बळजबरी म्हणायचं, आमिष म्हणायचं की त्या बाईसाठी संधी? मला वाटतं तिन्ही एकदम. ज्या विधवेनं हा मार्ग घेतला असेल तिच्याबद्दल सासरच्या कुलवृत्तांतात एक ओळही असणार नाही.

आता टीका. प्रियोळकर कायद्याला घटना समजतात, निदान वाचणाऱ्याचा तसा समज होतो. हुकूम निघाला म्हणजे तसं घडलं. पण हुकूम म्हणजे सत्तेची इच्छा. लॅबमध्ये प्रोटोकॉल लिहिलेला असतो आणि प्रत्यक्ष प्रयोग वेगळा होतो, हे आपल्याला माहीत आहे. त्यांच्याच पुस्तकातला १७३६ चा इन्क्विझिशनचा जाहीरनामा घ्या. ख्रिस्ती घरांनी लग्नात हळद लावू नये, पानसुपारीचे रिवाज करू नयेत, हिंदूंसारखा मिठाशिवाय भात शिजवू नये, दारात तुळस ठेवू नये. बाप्तिस्म्याला पावणेदोनशे वर्षं झाल्यावर हे सांगावं लागतंय! म्हणजे तोवर तुळस दारात होती. जो कागद छळाचा पुरावा म्हणून वाचला जातो, तोच कागद स्वयंपाकघरानं ऐकलं नाही याचाही पुरावा आहे. प्रियोळकरांना पहिलं वाचन महत्त्वाचं होतं, आणि १९६१ मध्ये ते का होतं हे समजण्यासारखं आहे. पण कागद एवढ्यावर संपत नाही.

दुसरं काम: ॲक्सलरॉड आणि फ्युअर्च, १९९६

पॉल ॲक्सलरॉड आणि मिशेल फ्युअर्च यांचा 'फ्लाइट ऑफ द डेइटीज' हा पेपर 'मॉडर्न एशियन स्टडीज'मध्ये आला. उपशीर्षकात 'हिंदू रेझिस्टन्स' म्हणजे हिंदूंचा प्रतिकार असे शब्द आहेत. गोव्यातल्या देवांच्या स्थलांतरावर लिहिणारा कोणीही या पेपरला टाळू शकत नाही, आणि टाळूही नये.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. देव हलवणं हे फक्त पळून जाणं नव्हतं. देव गावाचा मालक असतो, गावकऱ्यांची ओळख त्याच्याशी बांधलेली असते. मूर्ती सीमेपलीकडे नेली की गावाचं मूळ सत्तेच्या हाताबाहेर जातं, आणि जमिनीवर काहीही झालं तरी संबंध चालू राहतो. हे मला पटतं. कुंकळ्ळीचं उदाहरण घ्या. तिथली शांतादुर्गा फातर्प्याला गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले आणि मग गावावर सूड उगवला गेला. तरी आजही देवीच्या छत्र्यांची मिरवणूक कुंकळ्ळी आणि फातर्पा यांच्या दरम्यान निघते आणि त्यात बारा वांगडांचा मान मोजला जातो. त्या वांगडांत ख्रिस्ती झालेली घरंही आहेत.

माझी अडचण 'प्रतिकार' या शब्दाशी आहे. शीर्षकातला शब्द म्हणजे पेपरचं गृहीतक असतं. देव नेणारे प्रतिकार करतात, असं म्हटलं की न जाणाऱ्यांसाठी आपोआप एक शब्द तयार होतो. शरणागती. लेखक तसं म्हणत नाहीत, पण वाचणारा तो शब्द मनात भरतो. घरातली गोष्टही असंच करते: आम्ही गेलो, ते बाटले.

पण फोरल आठवा. गावकीतला हिस्सा गावात राहणाऱ्या पुरुष वारसाकडे होता. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावच्या सभेत ख्रिस्ती गावकऱ्यांना अग्रक्रम देणारे नियम आले. त्यांची नावं आधी लिहायची, आणि जिथे ते पुरेसे आहेत तिथे हिंदूंना बाहेर ठेवायचं. आता कल्पना करा, एका घरात दोन भाऊ आहेत. दोघेही गेले तर हिस्सा जातो, सभेतली जागा जाते, पिढ्यांची शेतं जातात. दोघेही राहिले तर देव जातो. एक गेला आणि एक राहिला तर? देवही वाचतो आणि जमीनही.

हे मी सिद्ध केलेलं नाही, ही शक्यता आहे. पण ती खरी असेल तर राहिलेला भाऊ आणि गेलेला भाऊ हे एकाच निर्णयाचे दोन भाग ठरतात. मग एकाला प्रतिकार आणि दुसऱ्याला शरणागती म्हणणं म्हणजे रापणीच्या दोरीचं एक टोक ओढणाऱ्यालाच मासेमार म्हणण्यासारखं आहे.

तिसरं काम: अँजेला बार्रेटो झेवियर, २००८ आणि २०२२

झेवियर या लिस्बनमध्ये काम करणाऱ्या इतिहासकार. त्यांचं पुस्तक आधी पोर्तुगीजमध्ये २००८ मध्ये आलं आणि इंग्रजीत 'रिलिजन अँड एम्पायर इन पोर्तुगीज इंडिया' या नावानं २०२२ मध्ये. तिन्हींत मला हे सगळ्यात जवळचं वाटतं, आणि म्हणून त्याच्याशी भांडणही सगळ्यात जास्त.

त्यांचा मुद्दा असा की पोर्तुगीज सत्तेला फक्त प्रार्थना बदलायची नव्हती. माणसं आपल्यासारखी करायची होती, म्हणजे त्यांच्यावर राज्य करणं सोपं जाईल. त्यासाठी अनाथालयं, धर्मादाय संस्था, शाळा, चर्च ही सगळी यंत्रणा कामाला लावली. पण स्थानिक लोकांनी हीच यंत्रणा स्वतःसाठीही वापरली. धर्मांतर झालं, जात गेली नाही. उलट ख्रिस्ती ब्राह्मण आणि ख्रिस्ती चारडो आपापली कुलीनता पोर्तुगीज भाषेत मांडू लागले. आंतोनियो जुआंव द फ्रियास या पाद्र्यानं १७०२ मध्ये ब्राह्मणांच्या थोरवीवर पुस्तक छापलं. लेओनार्दो पायश यानं १७१३ मध्ये चारडोंच्या बाजूनं छापलं. दोन्ही लिस्बनमध्ये.

हे विचित्र वाटेल, पण पोर्तुगालकडे बघितलं तर वाटत नाही. तिथे १४९७ मध्ये ज्यूंना बळानं ख्रिस्ती केलं होतं. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांनाही 'नवे ख्रिस्ती' म्हणत, आणि रक्त शुद्ध असल्याचा दाखला नसेल तर अनेक पदं, अनेक धर्मसंघ बंद असत. बाप्तिस्म्यानं माणूस नवा होतो असं म्हणणारा धर्म आणि चार पिढ्यांचं रक्त तपासणारं राज्य एकत्र नांदत होतं. गोव्यातल्या ख्रिस्ती ब्राह्मणानं हे बरोबर ओळखलं. तुम्हाला वंश हवा ना, मग हा घ्या आमचा वंश. वंशावळीची जी सवय इथे कुलदेवता आणि गोत्रातून चालायची, ती नव्या धर्मात नव्या शब्दांनी चालू राहिली.

आणि तरी पदं मिळाली नाहीत. १७८७ मधल्या पिंटोंच्या कटात गोमंतकीय पाद्री होते, आणि बढतीत डावललं जातं ही त्यांची तक्रार त्यामागच्या कारणांपैकी एक होती.

मग माझं भांडण काय? झेवियर यांच्याकडे संस्था दिसतात आणि लिहिते लोक दिसतात. फ्रियास, पायश यांनी पुस्तकं लिहिली म्हणून ते सापडतात. ज्या घरांनी काही लिहिलं नाही, त्यांचं काय? शिवाय पुस्तकाची नजर जुन्या काबिजादींवर आहे. खाडी आली की गोष्ट थांबते. खरं तर मला हवं असलेलं कुटुंब अर्धं खाडीच्या अलीकडे आणि अर्धं पलीकडे आहे.

याचं एक ठसठशीत उदाहरण म्हणजे मातेउश द कास्त्रो. दिवाडी बेटावरचा ख्रिस्ती ब्राह्मण. गोव्यात त्याला पाद्री होऊ दिलं नाही. तो रोमला गेला, तिथे पाद्री झाला आणि १६३७ मध्ये बिशप झाला. परत आल्यावर त्यानं ठाणं मांडलं ते आदिलशाहीतल्या डिचोलीत, म्हणजे पोर्तुगीज सीमेच्या बाहेर आणि आपल्या सिंधुदुर्गाच्या उंबऱ्यावर. तिथून १६५३ मध्ये त्यानं गोव्यातल्या ख्रिस्ती ब्राह्मणांना उद्देशून पोर्तुगीजांच्या आणि जेझुइटांच्या विरोधात लिहिलं. आपल्या घरातल्या गोष्टीत खाडी ओलांडतो तो हिंदू, राहतो तो ख्रिस्ती. इथे बिशपच खाडी ओलांडून आलाय.

तिन्ही जाळ्यांतून काय सुटलं

आता तुमच्या कामाचा मुद्दा. तीन कामं ओळीनं मांडली तर दिसतं की प्रत्येकानं मोजायचं एकक वेगळं घेतलंय. प्रियोळकर कायदा आणि खटला मोजतात. ॲक्सलरॉड आणि फ्युअर्च देव आणि गाव. झेवियर संस्था आणि जातीचे पुढारी. घर हे एकक कोणाचंच नाही.

रापणीला गेलेल्या माणसाला हे लगेच कळेल. जाळ्याचा आस जेवढा, त्याहून बारीक मासळी हाती लागत नाही. म्हणून समुद्रात ती नाहीच असं कोणी म्हणत नाही. संशोधनात मात्र आपण सर्रास म्हणतो.

आणि यातल्या काही जाळ्यांचा आस सत्तेनंच ठरवलेला आहे. इन्क्विझिशनमध्ये १६,००० हून अधिक लोकांवर खटले चालले, पण १८१२ नंतर गोव्यातले बहुतेक कागद नष्ट केले गेले. लिस्बनमध्ये १५६१ ते १६२३ या काळातल्या सुमारे ३,८०० खटल्यांची सूची उरली आहे, जुआंव देल्गादो फिगेइरा या इन्क्विझिटरनं केलेली. ती व्यक्तींची सूची आहे. आरोपी एकटा उभा असतो, त्याच्या मागचं घर दिसत नाही.

दुसऱ्या बाजूला आपला कुलवृत्तांत. तो घर हे एकक घेतो, पण कुठलं घर? ज्याचा वंश टिकला, ज्यानं देव आणला, ज्याला विसाव्या शतकात छापायला पैसे आणि माणसं होती ते. आकडेशास्त्रात याला 'सर्व्हायव्हरशिप बायस' म्हणतात, म्हणजे टिकलेल्यांकडेच बघून सगळ्यांबद्दल बोलणं. मुली बहुधा नावानिशी नाहीत. बाप्तिस्मा घेतलेली विधवा नाही. अनाथ म्हणून नेलेला पुतण्या नाही. राहिलेला भाऊ तर नाहीच. वंशवृक्षात त्याच्या जागी 'निर्वंश' लिहिलेलं असू शकतं. ते खरंही असेल. पण तो तिकडे नव्या आडनावानं जगत असेल तरी वंशवृक्षात तेच दिसणार.

आडनावाचा गोंधळ वेगळाच. बाप्तिस्म्यात पोर्तुगीज नाव मिळे, बरेचदा धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं. त्यामुळे एकाच वांगडातल्या घरांना वेगळी आडनावं आणि काडीचं नातं नसलेल्यांना एकच. आडनावावरून नातं लावणारा माझ्यासारखा विद्यार्थी पहिल्याच पायरीवर घसरतो.

पण पुरावा नसेल तर?

इथे एक धोक्याची सूचना, मलाच दिलेली. राहिलेला भाऊ मला हवा आहे म्हणून मी तो तयार करू शकत नाही.

फ्रान्समधलं एक प्रसिद्ध प्रकरण आहे. आर्तिगा गावातला मार्तां गेर हा शेतकरी १५४८ मध्ये घर सोडून गेला. आठ वर्षांनी एक माणूस 'मीच तो' म्हणत आला, बायको बेर्त्रांदसोबत नांदला. जमिनीच्या हिशेबावरून काकाशी भांडण झालं, काकानं खटला भरला, आणि १५६० मध्ये खरा मार्तां कोर्टात हजर झाला. तोतयाला फाशी झाली. गोव्यात इन्क्विझिशन आलं तेच हे वर्ष. नताली झेमन डेव्हिस यांनी १९८३ मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि मांडलं की बेर्त्रांद फसलेली नव्हती. तिनं जाणूनबुजून साथ दिली. रॉबर्ट फिन्ले यांनी १९८८ मध्ये त्यावर कडक टीका केली. त्यांचा रोख असा की कागदात नसलेला हेतू तुम्ही त्या बाईच्या डोक्यात घातलात. डेव्हिस यांनी त्याच अंकात उत्तर दिलं.

हा वाद तुम्ही जरूर वाचा, विषय कुठलाही असो. मी डेव्हिस यांच्या बाजूला झुकते, कारण बेर्त्रांदला मूर्ख समजणं हेसुद्धा एक गृहीतकच आहे. पण फिन्ले यांच्याकडून एक सवय घेतली. जिथे 'कदाचित' लिहायचं तिथे ते वाक्यातच लिहायचं, आणि कुठला पुरावा मिळाला तर हे 'कदाचित' खोटं ठरेल तेही लिहायचं. माझ्या बाबतीत, एका वांगडाचे सगळेच वारस एकाच बाजूला गेलेले दिसले, आणि असं पुन्हा पुन्हा दिसलं, तर दोन भावांची माझी कल्पना पडते. ती पडू शकते म्हणून ती मांडण्यासारखी आहे.

मग काय करायचं

मी आता करतेय ते साधं आहे. मोठा आकडा सोडला. एक गाव, एक-दोन वांगड. तिकडची बाजू गावकीच्या वह्यांत आणि चर्चच्या बाप्तिस्मा-लग्न-मृत्यूच्या नोंदींत, इकडची बाजू मोडीतल्या कागदांत, देवस्थानाच्या मानात आणि कुलवृत्तांतात. तारखा जुळतात का ते बघायचं. काम हळू चालतं. गोव्याच्या जुन्या ग्रामनोंदींतल्या काही गोयकानडी लिपीत आहेत, पुढच्या पोर्तुगीजमध्ये. मला मोडी येते, पोर्तुगीज अर्धवट, गोयकानडी नाही. म्हणून मदत मागते. तुम्हीही मागा, लाज वाटू देऊ नका.

तुमच्या रिव्ह्यूसाठी यातून तीन प्रश्न घ्या. प्रत्येक कामानं मोजायचं एकक कोणतं निवडलं? पुरावा कोणी, कशासाठी तयार केला आणि कोणी नष्ट केला? आणि शीर्षकातला शब्द काय गृहीत धरतो? या तीन प्रश्नांची उत्तरं एका कागदावर आली की 'रिसर्च गॅप' शोधायला वेगळं बसावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र या पद्धतीच्या आड लपवायची नाही. जे झालं ते क्रूर होतं. देवळं पाडली गेली, मुलं नेली गेली, माणसं जाळली गेली. राहिलेल्या भावाबद्दल विचारणं म्हणजे हे पुसणं नाही. उलट, सत्ता घरात किती खोल शिरली होती हे त्या प्रश्नाशिवाय कळत नाही. तिनं भावाभावांत, आई आणि मुलात, जमीन आणि देवात निवड करायला लावली. आजच्या भांडणात ही गोष्ट वापरणाऱ्यांना फक्त गेलेले हवे असतात, कारण राहिलेले मोजले तर 'ते' आणि 'आपण' वेगळे काढता येत नाहीत.

सिंधुदुर्गात ख्रिस्ती वाड्या आहेत, त्यांतलीही बरीच घरं गोव्याकडूनच आलेली. २००५ पासून सिंधुदुर्ग नावाचं स्वतंत्र धर्मप्रांत आहे आणि त्याचं मुख्य चर्च सावंतवाडीत आहे, मिलाग्रीस माउलीचं. गेल्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या एका ख्रिस्ती काकींना मी सहज विचारलं, तुमची माणसं मूळची कुठली? त्या कोळंबी सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सासष्टीतली. खाडी वलांडून इलेली. तुमचा काय?"

आजीचीच गोष्ट, दुसऱ्या घरातून. वहीत तारीख घालून दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लिहून ठेवल्या आहेत. अजून निष्कर्ष नाही.